एसीला सावली

आमच्या घरात एसी आला तो मामांसाठी. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात बऱ्याच घरांत सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात. त्यांचं सगळं आयुष्य तीर्थपुरीजवळच्या शेतात गेलं आणि त्यातली शेवटची पंचवीसेक वर्षं मोसंबीच्या बागेत. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते बागेला पाणी सोडायला गेले आणि तिथंच भोवळ येऊन पडले. ऊन लागलं होतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता याच्यापुढं दुपारी यांना गार जागेत ठेवा. हट्ट करतील, ऐकू नका." थोरल्या दिरांनी शेत सांभाळायचं ठरलं आणि मामा परतूरला आमच्याकडे राहायला आले.

माझ्या सासूबाई आधीच गेल्या होत्या. माझे मिस्टर जालन्याला नोकरीला. सकाळच्या गाडीनं जातात, संध्याकाळच्या गाडीनं येतात. मुलगी शिकायला बाहेर. मी इथल्याच एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. म्हणजे दिवसाचा बराच वेळ मामा घरात एकटे. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्या खोलीत एसी बसवला. मेस्त्रीनं रिमोट हातात दिला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि किती तरी वेळ तसाच धरून ठेवला. "माझ्या एकट्यासाठी एवढा खर्चा कशाला केला," एवढंच म्हणाले.

तो उन्हाळा चांगला गेला. दुपारी जेवण झालं की मामा खोलीत जायचे, पेपर वाचता वाचता झोपायचे आणि चारला उठून चहा मागायचे. शेतावरच्या माणसाला शहरातली दुपार खायला उठते, पण गारव्यानं त्यांची ती दुपार निभावून नेली.

हिवाळ्यात त्यांनी गच्चीवर कुंड्या मांडल्या. मेथी, कोथिंबीर, पाच-सहा टमाट्याची रोपं. आमचं घर बैठं आहे, वर मोकळी गच्ची, आणि एसीचा बाहेरचा डबा त्याच गच्चीवर कठड्याला लागून बसवलेला. मामा रोज दोनदा वर जायचे, त्यामुळं हळूहळू गच्ची ही त्यांची हद्द झाली. भाजी तेच खाली आणून द्यायचे. मी वर जायचं जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

एप्रिलच्या शेवटी नववीचे पेपर तपासायला घरी आणले. बैठकीतला पंखा नुसता गरम हवा फिरवत होता, म्हणून गठ्ठा उचलून मामांच्या खोलीत गेले. ते खाटेवर कुशीवर झोपले होते. त्यांची बंडी पाठीला चिकटलेली दिसली. जवळ जाऊन पाहिलं तर घामानं पार भिजलेली.

"मामा, एसी चालू आहे ना?"

ते जागेच होते. "चालूच हाय की."

"मग खोली गार कशी नाही?"

"हाय की गार. बराबर हाय."

"बंडी भिजली तुमची."

"मला घाम येतोच, माय. तू तपास तुझे पेपर."

रिमोटवर अठरा दिसत होतं. मी खुर्चीवर चढून एसीच्या तोंडाशी हात धरला. वारा येत होता, पण मातीच्या माठाला हात लावल्यावर जेवढं गार वाटतं तेवढंही नाही. किती दिवसांपासून असं आहे म्हणून विचारलं तर मामा उठून बसले आणि टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "झाले पंधराएक दिवस. सकाळी चांगला चालतो. दुपारी दमतो. आपणबी दमतोच की दुपारी."

मला माझाच राग आला. ज्या माणसाला ऊन बाधू नये म्हणून हे यंत्र आणलं, तो माणूस पंधरा दिवस घामात झोपत होता आणि त्याच घरात राहून मला पत्ता नव्हता.

आधी जाळी काढली. तिच्यावर धूळ होती, पण फार नाही. नळाखाली धुतली, वाळवली, बसवली. फरक पडला नाही. दाराखालच्या फटीत जुन्या सतरंजीचा पट्टा सरकवला, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला. फरक पडला, पण मनाचं समाधान होण्याइतकाच. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून दोन तापमापी घेऊन आले. एक एसीच्या वर, जिथून तो खोलीतली हवा ओढतो तिथं टांगली आणि एक त्याच्या तोंडाशी बांधली. सकाळी नऊला वरची एकतीस दाखवत होती आणि तोंडाशी वीस. दुपारी दोनला वरची चौतीस आणि तोंडाशी एकोणतीस. सकाळी अकरा अंशांचा फरक, दुपारी पाचाचा. हे सगळं मी एका वहीत लिहीत होते आणि मामा खाटेवरून बघत होते.

"काय लिव्हून राह्यली?"

"याला ताप किती आहे ते बघते."

"आसं," म्हणाले आणि पेपर तोंडापुढं धरला.

मेस्त्रीला फोन लावला. मोंढ्याकडं त्याचं दुकान आहे. त्याच्यामागं चार आवाज चालू होते.

"म्याडम, ग्यास कमी झाली आसंल. पण सीझन हाय, मला पुढच्या बुधवारपस्तोर येता येत न्हाई."

"गॅस कमी असती तर सकाळीही गार झालं नसतं ना? सकाळी चांगला चालतो."

"तेबी खरंय म्हणा. मंग बाहेरच्या डब्याला हवा बराबर मिळती का, ते बघा. दुपारीच बघा, सकाळी न्हाई. अन् डब्यात हात घालू नका."

दुसऱ्या दिवशी दोनला डोक्यावर ओला पंचा टाकून मी गच्चीवर गेले. मामा खाली झोपले होते. जिना चढून वळले आणि उभीच राहिले.

एसीच्या डब्याला मामांनी मांडव घातला होता. रंगाचे चार रिकामे डबे, त्यांत वाळू भरून रोवलेले चार बांबू. वर तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं छप्पर, एकीला एक खेटून अशा लावलेल्या की मधून उन्हाची एक तिरीप खाली येत नव्हती. दोन्ही बाजूंनी गोणपाट आणि समोर, पंख्याच्या तोंडावरसुद्धा, गोणपाटाचा पडदा. तो ओला होता. शेजारी बादली आणि तांब्या. सगळ्या गाठी सुतळीच्या, एकसारख्या, टोकं आत खोचलेली. मोसंबीच्या लहान रोपांना पहिल्या उन्हाळ्यात ते अशीच सावली करायचे. लग्न होऊन आले तेव्हा मी त्या बागेत पाहिली होती. ओळीनं उभी असलेली ती छोटी छप्परं मला तेव्हा बाहुल्यांच्या घरांसारखी वाटली होती.

पडदा बाजूला करून मी आत हात घातला आणि लगेच मागं घेतला. भाकरीच्या तव्यावर हात धरावा तशी धग.

आधी हसू आलं. मग हसू आलं याचं वाईट वाटलं. एवढ्या निगुतीनं केलेलं काम होतं ते. शेत सोडून आल्यापासून या माणसानं आपल्या हातानं उभी केलेली ही पहिली वस्तू होती आणि तीच त्यांना घाम फोडत होती.

संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "सोपं आहे. उद्या ते कटिंगला गेले की काढून टाक. विचारलंच तर वाऱ्यानं पडला म्हण."

"त्या गाठी वाऱ्यानं सुटणाऱ्या नाहीत. तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत आहे ते."

मिस्टर म्हणाले, "मग तूच सांग. मी सांगितलं तर भांडण होईल. तुझं ऐकतात."

दुसऱ्या दुपारी जेवण झाल्यावर मामांना म्हटलं, "मामा, जरा गच्चीवर येता का? मला मदत पाहिजे." त्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि काही न विचारता आले. मी एक तापमापी गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात सावलीला ठेवली आणि दुसरी मांडवात, पडद्याच्या आत धरली. बाहेरची बेचाळीस. आतली पन्नासच्या पुढं गेली तेव्हा मी ती बाहेर काढली, फुटेल की काय असं वाटलं.

"मामा, हा एसी गारवा तयार करत नाही. तुमच्या खोलीतला उष्मा उचलतो आणि इथं आणून टाकतो. खोली गार होते ती त्यामुळं."

मामा माझ्याकडं न बघता डब्याकडं बघत होते. मग पुढं झाले, पडदा वर केला आणि पंख्यासमोर तळहात धरला. माझ्यापेक्षा बराच वेळ धरला.

"म्हंजे हा इथं उष्मा ओकून राह्यला."

"हो."

"अन् मी ह्याच्या तोंडावर गोणपाट बांधलं. ओकलेलंच परत घेऊन राह्यला हा."

ते कठड्याच्या सावलीच्या पट्टीत बसले.

"कुंड्यांला पाणी घालायला आल्तो," ते म्हणाले, "तर हा उन्हात थरथरत व्हता. हात लावला तर चटका बसला. मला वाटलं, आपण खाली गार झोपतो अन् हा आपल्यासाठी असा उन्हात उभा. बैलाला कुणी असं बांधत न्हाई."

"सावली चुकली नाही मामा. नुसती सावली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. बाजूंनी कोंडलं, ते चुकलं."

त्यांनी मान हलवली. मी विळा आणते म्हटलं तर नको म्हणाले. एकेक गाठ त्यांनी बोटांनी सोडवली, सुतळी कोपरावर गुंडाळली, तुराट्यांची मोळी बांधून कठड्याला लावली. गोणपाटं झटकून घडी केली. अर्ध्या तासात गच्ची मोकळी झाली आणि डबा उन्हात उघडा उभा राहिला. जिना उतरताना मी मोठ्या खात्रीनं म्हणाले, "उद्या बघा तुम्ही. पांघरूण घ्यावं लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला वरची तापमापी तेहतीस आणि तोंडाशी सव्वीस. सात अंश. पाचाचे सात झाले होते, पण पांघरुणाची वेळ आली नव्हती. मामा बंडी काढून बसले होते. मला त्यांच्याकडं बघवेना. पंचवीस वर्षं मी पोरांना सांगत आले की एक कारण सापडलं म्हणजे तेच एकमेव कारण असतं असं धरू नका, आणि गच्चीवर मी स्वतः तेच केलं होतं. तेही सासऱ्यांसमोर, त्यांचा मांडव मोडायला लावून.

"बुधवारी मेस्त्री येतोय," मी म्हटलं. "गॅसच असेल बहुतेक."

ऊन उतरल्यावर मामा गच्चीवर गेले. मी खाली कणीक मळत होते. बराच वेळ झाला, मग जिन्यावरून हाक आली, "माय, तुझा मोबाइल घेऊन ये जरा. बॅटरी लाव त्याची."

वर गेले तर मामा गच्चीवर आडवे झाले होते, गाल जमिनीला टेकवून, डबा आणि कठडा यांच्या मधल्या वीतभर फटीत डोळा लावून.

"तोंडाकडून आपण बघितलं. पाठीकडून कोणी बघितलं का?"

मी उजेड टाकला. डब्याच्या पाठीमागं पत्र्याच्या बारीक पट्ट्या असतात, कंगव्याच्या दातांसारख्या. त्या मला दिसल्याच नाहीत. त्यांच्यावर करड्या रंगाची जाड साय बसली होती. मामांनी फटीत हात घालून बोटांनी तिची एक कड उचलली आणि ओढली तर हातभर पट्टा वाकळेसारखा सोलून आला. कापूस. आमच्या गल्लीच्या मागं कापसातली सरकी काढणारी जिनिंग आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथली रुई हवेत तरंगत असते, वाळत घातलेल्या कपड्यांवरून मी रोज झटकते. ती सगळा हिवाळा इथं बसत राहिली असणार, आणि वर गोणपाटाच्या दशा आणि धूळ.

"नाक बुजलंय ह्याचं," मामा म्हणाले. "मागून घेतो, पुढून सोडतो. सोडायची जागा आपण मोकळी केली. घ्यायची तशीच राह्यली."

मी त्या पट्ट्याकडं बघत बसले. हे मला सुचायला हवं होतं. हवा कुठून आत येते हा पहिला प्रश्न होता. पण खरं सांगते, त्या क्षणी वाईट वाटलं नाही. मामांच्या गालाला गच्चीची माती लागली होती आणि किती तरी महिन्यांनी त्यांचा चेहरा कामातल्या माणसासारखा दिसत होता.

रविवारी सकाळी साडेसहालाच आम्ही लागलो. मी खाली एसीचं बटण बंद केलं, मीटरजवळचा एसीचा मुख्य खटका, एमसीबी, पाडला. मामांनी जाऊन तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, मगच वर आले. मऊ ब्रशनं, पट्ट्यांच्या दिशेनं, वरून खाली, त्यांनी सगळी साय उतरवली. घमेलं भरलं. आत अडकलेली माती मात्र ब्रशनं निघेना. मी मोटरीचा पाइप आणू का म्हटलं, आणि लगेच मलाच भीती वाटली, कारण त्या पट्ट्या बोटानंही वाकतात.

"थांब," म्हणून मामा खाली गेले आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन आले. शेत सोडताना सगळं मागं ठेवून तो तेवढा त्यांनी बरोबर आणला होता. आल्यापासून तो न्हाणीच्या मागं खिळ्याला टांगलेला होता. साबणाच्या पाण्यानं त्यांनी तो तीनदा धुतला, वास घेतला, मलाही घ्यायला लावला. मग डाव्या हातानं दांडा मारत, उजव्या हातानं नळी धरून सरळ रेषेत पाणी मारू लागले. बारीक, सारखी धार. एक ओळ संपली की दुसरी. खालून काळं पाणी वाहत होतं आणि त्यात कापसाचे बोळे. मी खराट्यानं ते मोरीकडं ढकलत होते. मिस्टर चहा घेऊन वर आले आणि बराच वेळ कप हातात धरून उभे राहिले.

"बघतो काय," मामा त्यांना म्हणाले. "पानी आण."

नऊ वाजेपर्यंत पट्ट्या चकाकायला लागल्या. तासभर वाळू दिलं आणि मग एमसीबी चढवला.

दोन वाजता तापमापी वाचायला मी मामांना सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, खुर्चीला मी धरलं. वरची एकोणतीस. तोंडाशी अठरा.

"किती पाहिजेल?"

"दहा-बारा अंशांचा फरक असला म्हणजे बरोबर."

"अकरा हाय." ते खाली उतरले आणि बंडीवर सदरा चढवला. "मंग पास केला म्हणायचा का, म्याडम?"

बुधवारी मेस्त्री आला. त्यानं मीटर लावून गॅस पाहिली, ती पुरेपूर होती. मग डब्यामागं वाकून बघितलं आणि विचारलं, कोणी साफ केलं हे. मी मामांकडं बोट दाखवलं. "एक पट्टी वाकली न्हाई, काका. आमच्या हातून बी दोन-चार वाकतात," असं म्हणून त्यानं पंपाची नळी हातात घेऊन पाहिली. सावली करायची तर कशी करावी, हे मामांनी त्याला नीट विचारून घेतलं. डब्यापासून दोन हात उंच, चारी बाजू मोकळ्या, समोर काहीच नाही. त्यांनी आणखी लांब बांबू आणले आणि दोन दिवस खपून नवा मांडव घातला, नुसतं तुराट्यांचं छप्पर. त्यानं फरक किती पडला? मला तापमापीत अर्धा अंश वाटला. मामांना अकराचे बारा झालेले दिसले, आणि मी वहीत बारा लिहिलं.

समोरच्या काकूंनी हे सगळं त्यांच्या गच्चीवरून पाहिलं होतं. आठवड्याभरात त्या विचारायला आल्या, आमचाबी गार करीना, भाऊ बघतील का. जिनिंगची रुई काय आमच्याच घरावर पडते थोडीच. त्यांचा झाला, मग कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा, मग डॉक्टरांच्या दवाखान्याचा. सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी पाचनंतरच, ही अट मी घातली आणि मामांनी ती पाळली. आधी त्या घरचा एमसीबी पाडल्याचं स्वतः बघायचं, मग पंप पाठीवर घ्यायचा. कोणी काही द्यायला लागलं तर चहा सांगायचे. रात्री जेवताना आता त्यांच्याकडं सांगायला असायचं: कुणाच्या डब्यात चिमणीनं घरटं केलंय, ते तसंच ठेवलं, कुणी डबा भिंतीला इतका चिकटवलाय की त्याला पाठच न्हाई.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मिस्टर घरी यायला अर्धा तास उशीर झाला. गाडी वेळेवर होती. आल्यावर त्यांच्या पँटचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत ओले. म्हणाले, गल्लीच्या तोंडाशी वरून हाक आली. बघतात तर मामा कुणाच्या तरी गच्चीवर पंप घेऊन उभे. "आला का? बादली भरून दे वर, जल्दी कर." मिस्टरांनी खांद्यावरची बॅग त्या अनोळखी घराच्या ओट्यावर ठेवली आणि नळावरून चार बादल्या वर नेऊन दिल्या. चहाही त्यांना तिथंच मिळाला होता.